पाहुण्यांची गाडी

माझे आतोबा लोणावळ्यात होते तोवर अख्ख्या मावळात एकही लग्न फसवून लागलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. जी काही फसली ती आतोबांना न विचारता ठरलेली. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आगगाडीच्या नोकरीत तारमास्तर म्हणून जन्म काढून ते निवृत्त झाले होते, आणि बाजारामागच्या आळीत आत्या, एक काळी छत्री आणि तपकिरीची पितळी डबी एवढ्या गोतावळ्यात सुखाने राहत होते. मूलबाळ नव्हतं. मी तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो तेव्हा त्यांच्याकडेच उतरलो, आणि एक माणूस दुसऱ्या माणसाबद्दल किती विचारू शकतो हे मला त्या घरात कळलं.

आतोबांना चौकशीचं वेड होतं. परक्या घरी पाणी पुढे आलं की ते आधी विहीर कुणी खणली ते विचारत. भाजीवालीकडे वांगी आणायला गेले की बोलता बोलता तिच्या नणंदेच्या दम्यापर्यंत पोचत, आणि वांगी तिथंच राहत. एकदा बाजारात त्यांच्या खिशात हात घालताना एक भुरटा सापडला. लोक त्याला चौकीवर नेणार तेवढ्यात आतोबांनी त्याचं गाव, त्याची आई आणि आईचं माहेर काढायला सुरुवात केली. आईच्या माहेरचा, रूळ बदलणारा एक पॉइंट्समन यांच्या ओळखीचा निघाला, आणि संध्याकाळी तो भुरटा आमच्या पंक्तीला मान खाली घालून जेवत होता. आत्याने त्याला वाढलं, पण वाटी-चमचे मात्र त्या दिवशी तिने स्वतः घासून आत ठेवले.

हे वेड कशाने लागलं ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांची सुखदुःखं आठ-दहा शब्दांत पुढे ढकलण्यात घालवली होती. 'फादर एक्सपायर्ड, कम सून.' कुठला बाप, कशाने गेला, मुलगा वेळेवर पोचला का, आई त्याला काय म्हणाली, यातलं काहीच कळायचं नाही. तोवर पुढची तार. "अरे, इतक्या माणसांची मरणं माझ्या बोटांखालून गेली," आतोबा म्हणाले, "आणि मला एकाचंही पुढचं ठाऊक नाही." हे बोलताना त्यांनी तपकीर ओढली नाही, म्हणून ते अगदी आतून बोलले असं मी धरतो. एरवी दर चार वाक्यांना ते चिमूट ओढत आणि मग अशी शिंक देत की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राही. लग्नाच्या बैठकीत तर आतोबांची शिंक होऊन गेल्याशिवाय कुणी सुपारी फोडत नसे. नंतर अपशकुन नको म्हणून लोकच त्यांना आग्रहाने तपकीर देत आणि वाट बघत बसत.

सोयरिकीची चौकशी मात्र त्यांनी एखाद्या व्रतासारखी केली. स्थळ बघायला ते पुढच्या दाराने कधी गेले नाहीत. घराला वळसा घालून मागच्या दारी जायचं, तिथल्या धोंड्यावर टेकायचं, प्यायला पाणी मागायचं आणि ते येईपर्यंत आजूबाजूला बघायचं, ही त्यांची रीत. पुढचं दार पाहुण्यांसाठी सारवलेलं असतं, असं ते म्हणत. तळेगावच्या एका तालेवार स्थळाला त्यांनी असाच नकार दिला. पुढे ओसरीवर पानसुपारी चालली होती आणि मागे घरातली थोरली सून उभ्या उभ्या शिळा भात खात होती. आतोबांनी तिला "रोज असंच जेवता का, बाई?" एवढंच विचारलं आणि छत्री उचलली.

आणि जे बघितलं ते ते सांगत. त्यात मीठ-मिरची घालत नसत की काही गाळत नसत. घरच्यांनाही सूट नव्हती. मला सांगून आलेल्या मुलीच्या वडिलांना त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, की मुलगा निर्व्यसनी आहे, शिकवतो बरा, पण सकाळी त्याला उठवायला तांब्याभर पाणी तोंडावर मारावं लागतं. ते गृहस्थ गेले ते परत आले नाहीत. पुढे ज्यांनी मुलगी दिली त्यांनी रुखवतात एक तांब्या जास्तीचा ठेवला, आणि तो आजही आमच्या उशाशी असतो.

भुतांविषयी आतोबांचं मत वेगळंच होतं. खंडाळ्याच्या बाजूला रिकाम्या बंगल्यांची कमी नव्हती आणि प्रत्येक बंगल्याला एकेक भूत होतंच. लोक ती भुतं रंगवून सांगत, आणि आतोबा मध्येच विचारत, "कुठल्या गावचं? घरी मागे कोण आहे?" सांगणाऱ्याची मजाच जाई. "ज्याची विचारपूस करायला कुणी उरलं नाही असा माणूस, दुसरं काय," असं ते म्हणत. मला हसू येई. मिठाच्या धर्मशाळेला जाऊन आल्यावर मी हसायचा थांबलो.

टाकवे बुद्रुकचे भाऊ आमच्या घरी तांदूळ घालत. मिशी मोठी, बोलणं थोडं. एका बाजाराच्या दिवशी पोतं उतरवून ते ओसरीवर नुसतेच बसून राहिले. आतोबांनी भात, बैल आणि म्हातारीचे गुडघे असे सगळे विषय संपवले तेव्हा भाऊ खाली बघत म्हणाले, "मास्तर, पोरानं एकवीरेच्या जत्रंत एक पोरगी बघितली. आता दुसरी नकोच म्हनतो."

"कुणाची?"

"मिठाच्या धर्मशाळेतली. तितल्या राखनदाराची ठकू."

आत स्वयंपाकघरात आत्याचा खलबत्ता थांबला. लोणावळ्याच्या पुढे कुरवंड्याच्या अंगाला, जुनी घाटवाट कोकणात उतरते तिच्या तोंडाशी, ती धर्मशाळा होती. आगगाडी येण्याआधी मिठाचे बैल घाट चढून आले की तिथं मुक्काम पडे. आता वाट ओस पडली होती. दगडी ओवऱ्यांवर गवत वाढलं होतं, आणि तिथं कधीतरी माणसं मारली गेली एवढं सगळ्यांना ठाऊक होतं; कुणी आणि का ते कुणी सांगत नसे. तिन्हीसांजेला तिथं उजेड हिंडतो आणि बंद खोलीत कोणीतरी असतं, असं गुराखी म्हणत. भर दिवसासुद्धा बाया तो रस्ता पदर घट्ट धरून ओलांडत.

"पोरगी सोन्यावानी हाय," भाऊ म्हणाले. "पर दोन सोयरिकी तिच्या दारातनं माघारी गेल्या. पोरीमागनं तितलं भूत बी घरात यील म्हनत्यात. तुमी जावा, बगा. तुमी त्ये न्हाई म्हनला तर मी कुनाला इचारनार न्हाई, कुकू लावून मोकळा हुतो. तुमी हाय म्हनला तर मातर माज्यानं व्हायचं न्हाई."

म्हणजे त्या मुलीचा सगळा संसार आतोबांच्या एका शब्दावर येऊन ठेपला. मी मनात म्हटलं, सांगून टाका 'नाही' आणि मोकळे व्हा. आतोबा म्हणाले, "बघून सांगतो."

आम्ही रविवारी निघालो, तेही सकाळी. भूत बघायला रात्री जातात असा माझा समज होता. आतोबा म्हणाले, "रात्री मला माझी छत्री सापडत नाही, भूत काय सापडणार? भर दुपार हीसुद्धा त्यांचीच वेळ, आणि तेव्हा चष्मा चालतो." धर्मशाळेचा दरवाजा हत्ती जाईल एवढा, माथ्यावर झिजलेला गणपती, आणि आत चौकात इतकी शांतता की मला आपोआप वहाणा काढाव्याशा वाटल्या. आतोबा दरवाजातून गेलेच नाहीत. भिंतीला वळसा घालून, काटेरी झुडपांत धोतर फाडून घेत ते मागे पोचले, तिथल्या धोंड्यावर बसले आणि पाणी मागितलं.

पाणी ठकूने आणलं. उंच, सरळ मानेची मुलगी. परका माणूस मागच्या दारी पाणी मागतो याचंच तिला इतकं नवल वाटलं, की तिने तांब्यासोबत गूळही आणला. मग तिचे वडील, आबा, काठी टेकत आले. त्यांना डोळ्यांनी अंधुक दिसायचं. आतोबांनी चौकशी सुरू केली: विहीर कुणी खणली, कौलं कधी शाकारली, ठकूची आई कशाने गेली. दुपार चढेपर्यंत आबांच्या चार पिढ्या झाल्या. मग आतोबा त्या बंद खोलीसमोर छत्री उघडून बसले आणि आत्याने दिलेली पोळी-भाजी खाल्ली. भूत काही आलं नाही. आतोबांना शिंक आली, ती ओवऱ्यांतून फिरून परत आली, आणि मी एवढा दचकलो की लोणच्याची फोड माझ्या मांडीवर पडली.

उन्हं उतरली. दिवेलागण झाली तेव्हा ठकू हातात पणती घेऊन घरातून निघाली आणि मागच्या भिंतीने, ओवरीमागून ओवरी ओलांडत त्या खोलीकडे आली. दुसऱ्या हातात भाकरी आणि पाण्याचा तांब्या. गुराख्यांना दिसणारा उजेड तो हाच.

"निम्मं भूत तर तूच निघालीस गं," आतोबा म्हणाले. ठकू हसली नाही. तिने उंबऱ्याशी पणती ठेवली, भाकरी ठेवली, पाणी ठेवलं आणि दाराची कडी काढली.

आतून आवाज येत होता. भिववणारा नव्हता तो. खूप लांबून चालत आलेली माणसं अंग टाकून झोपली म्हणजे त्यांचा जसा श्वास चालतो तसा, जड आणि सावकाश, एकाचा नव्हे, पुष्कळांचा. खोली रिकामी होती. पणतीच्या उजेडात चारही कोपरे दिसत होते. माझे हात आपोआप जोडले गेले. आतोबा मात्र उठले. त्यांनी भिंतीला कान लावला, बोट ओलं करून वर धरलं, बाहेर जाऊन गवत हलतंय का ते पाहिलं. गवत हलत नव्हतं. ते परत येऊन माझ्याशेजारी उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "वारा असेल. खालून दरीतून वर येतो, भेगांतून शिरतो." मग बराच वेळ ऐकत राहिले. "पण वारा इतका दमत नाही रे."

त्यांनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली. मी त्यांना उघड्या डोक्याने त्याआधी फक्त देवघरात पाहिलं होतं.

आबा भिंतीला टेकून खाली बसले आणि कुणी न विचारता बोलायला लागले. "कोकनातली मानसं हुती. मीठ इकून परत चालल्याली. पावसाची म्हनून राह्यली. रातीला दरवडेखोर आलं, पर ह्यो दरवाजा असा की हत्ती लावला तरी तुटायचा न्हाई. आतनं अडसर माज्या पनज्यानं काढला, मास्तर. त्यानंच. पैशापायी. सकाळच्याला हितं कुनी न्हवतं, समदी खाली दरीत. नावं बी कुनाला म्हाईत न्हाईत. त्याच्या बायकूनं दुसऱ्या दिशी हितं पयली भाकर ठिवली, तवापासनं आमच्या घरच्या बाया ठिवत्यात. लोक म्हनत्यात, सोडून जा. आमी गेल्यावर ह्यास्नी कोन हाय?"

भुताची चौकशी करायला आलो आणि हे पुढे आलं. नुसतं 'भूत आहे' म्हटलं असतं तरी सोयरीक मोडणार होती. आता तर घराण्याचा डाग समोर होता, आणि आतोबा काही गाळत नसत. त्यांचा चेहरा बघून मला त्यांची कीव आली. त्यांनी डबी काढली, उघडली, तशीच बंद केली.

"ठकू, मी टाकव्याला जाऊन काय सांगू?"

"खरं त्ये सांगा."

"मोडेल, बाळ."

"मोडू द्या," ठकू म्हणाली. तिची मान सरळच होती. "खोटं सांगून मी नांदाय गेले तर तितं दिवा चोरून लावावा लागंल. त्यो मला न्हाई जमायचा."

घरी येताना आतोबा सबंध वाट गप्प होते. एवढी वाट ते गप्प चालले हे आत्याला सांगितलं तेव्हा तिने त्यांना काढा करून दिला.

टाकव्याला ओसरीवर भाऊ, त्यांचे भाऊबंद, नवरा मुलगा असे सगळे वाट बघत बसले होते. आतोबा सवयीप्रमाणे मागच्या दारी गेले. तिथं भाऊंची म्हातारी आई सुपात तांदूळ पाखडत होती. मंडळी घराला वळसा घालून मागे गोळा होईपर्यंत आतोबा धोंड्यावर बसले होते आणि पाणी प्यायले होते.

"हाय का न्हाई तेवडं सांगा," भाऊ म्हणाले.

"आहे," आतोबा म्हणाले.

मुलाने तोंड फिरवलं. आतोबांनी मग सगळं सांगितलं: श्वास, अडसर, पणजा, आणि पाच पिढ्यांच्या बायांनी ठेवलेली भाकरी. ठकू शेवटी काय म्हणाली तेही सांगितलं. भाऊबंदांत कुजबूज झाली, कुणीतरी "नको रं बाबा" म्हणालं. भाऊंची नजर जमिनीवरून उठेना.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "अडसर पनज्यानं काढला. पोरीनं काय काढलं?" ती लेकाकडे बघत म्हणाली, "ज्यांची नावं बी ठावं न्हाईत त्यास्नी जी उपाशी ठिवत न्हाई, ती माजं पानी चुकवंल व्हय रं? आन तिला. आन् त्या मानसांस्नी बी बोलवा. लय वर्सं झाली, कुनी बोलावलं नसंल त्यास्नी."

त्यानंतर आतोबांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर थट्टा समजलो असतो. लग्न टाकव्याला ठरलं, आणि अक्षत द्यायला भाऊंच्या वतीने आतोबा धर्मशाळेत गेले. अंगात इस्त्रीचा कोट. त्या खोलीच्या उंबऱ्याशी त्यांनी कुंकवात भिजवलेले तांदूळ आणि सुपारी ठेवली, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं तसे अदबीने म्हणाले, "तुमच्या ठकूचं लग्न आहे. सर्वांनी आगत्याने यावं. गाडी पाठवतो." आतला श्वास चालू होता. तो थांबला असं आतोबा म्हणाले. मला नक्की सांगता येत नाही, कारण माझाच थांबला होता.

गाडी खरंच आली. वऱ्हाडाच्या बैलगाड्यांच्या मागे एक गाडी भाऊंनी रिकामी जोडली होती, वर नवं घोंगडं अंथरून. वाटेत चढ लागला. पुढच्या गाड्या माणसांनी लादलेल्या, त्या कुरकुरत चढल्या. शेवटची रिकामी गाडी चढाला आली आणि तिचे बैल खाली वाकले. त्यांच्या माना ताणल्या, तोंडाला फेस आला, चाकं मुरमात रुतत रुतत वर सरकली. गाडीवान गाडीत वळून बघायचं धाडस करीना. तो खाली उतरला आणि मुकाट्याने चाकाला खांदा लावला. दुसऱ्या चाकाला मी लावला. ते वजन माझ्या खांद्याला अजून आठवतं.

आतोबा मागून छत्री घेऊन चालत होते. विहीर कुणी खणली हे विचारल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस तो. त्या चढावर त्यांनी मला काही विचारलं नाही, गाडीवानाला काही विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

टाकव्याला मांडवाशी म्हातारी उभी होती. नवरीला ओवाळून झाल्यावर ती गुडघे धरत धरत मागच्या गाडीपाशी आली, तांब्याभर पाणी चाकाजवळ ओतलं, "पाय धुवा आन् आत या" म्हणाली, आणि एक पंगत वेगळी वाढायला लावली. बैल सोडले तेव्हा ते लगेच चरायला लागले. धर्मशाळेतली ती खोली त्यानंतर निवांत झाली, असं आबांनी पुढे सांगितलं. तो श्वास ऐकू यायचा बंद झाला तेव्हा आपल्याला एकटं वाटलं, असंही म्हणाले. मग तेही लेकीकडे येऊन राहिले.

आतोबा दुसऱ्या लढाईच्या दिवसांत गेले. त्यांच्या गावाकडच्या पुतण्यांना मी तार केली. नेमक्या शब्दांत, जास्तीचा एक शब्द नाही. ती देताना खिडकीवरच्या पोरसवदा तारमास्तराने मान वर करूनही पाहिलं नाही, आणि मला त्याला पकडून सांगावंसं वाटलं, की विचार रे, कोण होते, कसे होते, काहीतरी विचार.

मध्यंतरी कामशेतला काम निघालं म्हणून टाकव्याला गेलो. आतोबांची आठवण म्हणून मागच्या दारी गेलो. दिवेलागणीची वेळ होती. ठकू आता पोराबाळांची झाली आहे. केस पांढरे व्हायला लागलेत, मान तशीच. तिने मला धोंड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग उंबऱ्याशी पणती लावून भाकरी ठेवली, पाणी ठेवलं. शेजारी पळसाच्या पानावर काहीतरी तपकिरी चिमूटभर ठेवलं.

"हे काय गं?"

"मास्तरांची तपकीर," ती म्हणाली. "तितं पाव्हन्यांस्नी नावगाव इचारत बसलं असत्याल. मदीच लागंल."

आम्ही दोघं तिथं बराच वेळ बसलो. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. एकदा ती कशाने तरी दचकून उठली आणि दाराकडे बघत उभी राहिली. ठकूने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही काही विचारलं नाही.